चहा न पिणाऱ्या आज्याची तसबीर

ऐकू येतंय का? मी बोलतेय, इथे वरून, माळ्यावरून. धान्याच्या पत्र्याच्या पिंपामागे जुन्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी दिसतंय ना, ती मी. एक तसबीर. तोंड भिंतीकडे आहे म्हणून आवाज जरा दबका येईल, तेवढं सांभाळून घ्या.

मी बाईमाणूस, पण माझ्या पोटात एक पुरुष आहे. गोरा, निळ्या डोळ्यांचा, भुऱ्या केसांचा. काळा कोट, गळ्याशी गुंडाळलेला पांढरा रुमाल. त्याचं नाव जोसेफ स्मिथ. दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत त्याने मोर्मन धर्म सुरू केला. हे मला पहिल्यापासून माहीत होतं. ज्या घरात मी आहे तिथे कुणालाच माहीत नव्हतं, आणि त्यातून सगळं रामायण घडलं. मला बोलता आलं असतं तर एका वाक्यात मिटलं असतं हो! पण तसबिरीला तोंड असतं ते नुसतं बघण्यापुरतं.

मी जन्मले चिंचवडला, भिमाजीच्या दुकानात. माझ्यातला कागद तेवढा विमानातून आला, साहेबाच्या बॅगेत गुंडाळी होऊन. चौकट, काच, मागचा पुठ्ठा आणि टांगायच्या कड्या हे सगळं भिमाजीचं. त्याच्या दुकानात एका भिंतीला देव आणि दुसऱ्या भिंतीला गेलेली माणसं. जिवंत माणसाची तसबीर करायला तिथे कुणी येत नसे, जिवंत माणसं हल्ली मोबाईलमध्येच असतात. भिमाजीने कागद उलगडला, चेहरा पाडला आणि सवयीने हळू आवाजात विचारलं, "वडील का?"

साहेबाने नाही म्हणून मान हलवली.

"मग आजोबा? कधी गेले?"

साहेब तेव्हा हिंदी शिकत होता. आठवून आठवून म्हणाला, "अठारा सौ चौवालीस."

भिमाजीने चष्मा वर केला, खाली केला. "एवढी वर्षं झाली तरी आठवण ठेवलीत! आमच्याकडं वर्षश्राद्ध झालं की फोटो माळ्यावर जातो, साहेब." त्याला इतकं भरून आलं की त्याने एक चंदनाचा हार फुकट बांधून दिला. साहेबाला वाटलं, इथली सजावट असेल. त्याने तो खणात ठेवून दिला.

साहेबाचं नाव मार्क. चाकणला गाड्यांचे भाग करणाऱ्या एका परदेशी कंपनीत तो इंजिनिअर म्हणून आला होता. मोशीच्या एका उंच सोसायटीत एकटाच राहायचा. सकाळी कंपनीची गाडी न्यायला यायची आणि संध्याकाळी ट्रॅफिकमधून पिळून निघाल्यासारखा परत यायचा. दर रविवारी तो लॅपटॉपवरून तिकडच्या भाचरांना माझ्यातल्या माणसाची गोष्ट सांगायचा, म्हणून ती मला पाठ आहे.

शेतकऱ्याचं पोर. घरात ओढगस्त, आज या गावाला तर उद्या त्या. आजूबाजूला जितके पंथ तितकी भांडणं, खरं कोणाचं ते कळेना. म्हणून चौदाव्या वर्षी हा पोरगा एकटाच झाडीत गेला आणि देवालाच विचारू लागला. तिथे दर्शन झालं, असं तो म्हणाला. पुढे देवदूताने टेकडीत पुरलेले सोन्याचे पत्रे दाखवले, असंही म्हणाला. काहींनी त्याच्यासाठी घरदार सोडलं, काहींनी त्याला लबाड ठरवलं. शेवटी तो तुरुंगात असताना चिडलेला जमाव आत घुसला आणि त्याला गोळ्या घातल्या. चाळिशीसुद्धा गाठली नव्हती. यातलं खरं काय, खोटं काय, मला विचारू नका बाई. मी कागद. पण दाराशी चार माणसं जमली की माझी काच अजून थरथरते.

आता गिरजाबाई. ती आमच्याकडे स्वयंपाकाला आणि भांड्यांना यायची. चाकणच्या अलीकडच्या एका वाडीतली. नवरा अर्जुनराव गोदामावर वॉचमन, आणि एकुलती एक लेक वर्षाली कंपनीत क्वालिटीला. गिरजाबाई बोलायची मोठ्याने, भांडी घासायची त्याहून मोठ्याने, आणि स्वभाव असा की रस्त्यावरचं कुत्रं उपाशी दिसलं तर हिचा घास अडकायचा.

पहिल्याच दिवशी तिने आलं ठेचून चहा केला. "चा घ्या, साहेब."

साहेबाने हात जोडले. "नको. माफ करा."

गिरजाबाईचा चेहरा पडला. माझ्या हातचा नको म्हणजे काय? मी काय घाणेरडी हाय? तिने कप तिथेच ठेवला आणि पदर खोचून कपाटं पुसायला लागली, ती अशी की कपाटं भिऊन गप्प बसली. साहेबाला समजलं की काहीतरी चुकलं. तो माझ्यापाशी आला, माझ्याकडे बोट दाखवलं आणि होतं तेवढं मराठी जुळवून म्हणाला, "हे... यांच्यासाठी. चहा नाही. आमच्या घरात कोणी नाही."

त्याला म्हणायचं होतं की यांच्या शिकवणीत चहा, कॉफी, दारू, तंबाखू सगळं वर्ज्य आहे. गिरजाबाईने ऐकलं ते भलतंच. तिची मावशी नवरा गेल्यापासून जिलबी खात नव्हती, कारण त्याला जिलबी आवडायची. तिचा चुलत सासरा काशीला जाऊन पेरू सोडून आला होता. मेलेल्या माणसाच्या नावाने आवडीचं काही सोडायचं, हे तिला अगदी घरचं.

तिचे डोळे भरले. "आगं आई गं! म्हंजी आज्याला चा लय आवडायचा! त्यो गेला अन् समद्या घरानं त्याच्या नावानं चा सोडला व्हय!"

नाही गं बाई, नाही! उलट आहे! मी काचेच्या आत ओरडत होते. तिने पदराने माझी काच पुसली आणि मला 'आजा' म्हणून टाकलं. त्या दिवसापासून मी आजा. दुपारपर्यंत लिफ्टमध्ये भेटणाऱ्या सगळ्या कामवाल्या बायकांना कळलं की बाराव्या मजल्यावरच्या गोऱ्या साहेबाने आज्यासाठी चहा सोडलाय, नाहीतर आपली पोरं बघा.

साहेबाला आणखी एक नाद होता. जेवण झालं की लॅपटॉप उघडून आपल्या पूर्वजांची नावं शोधत बसायचा. पणजोबा, खापरपणजोबा, त्यांच्या बायका, कुठे जन्मले, कुठे गेले. एकदा त्याने गिरजाबाईला विचारलं, "तुमच्या आजीचं नाव काय?"

"आजी."

"हो, पण नाव?"

गिरजाबाई ओल्या हाताने उभीच राहिली. "आईची आई. आमी आजीच म्हणायचो. नाव कोण घेतंय बाईचं?" पण ते तिच्या मनाला लागलं. ज्या बाईने तिला अंगाखांद्यावर वाढवलं तिचं नाव आपल्याला ठाऊक नाही! रविवारी ती शिरूरकडे मावशीला भेटायला गेली आणि सोमवारी दार उघडताच साहेबाला म्हणाली, "कस्तुरा. माझ्या आजीचं नाव कस्तुरा व्हतं."

साहेबाने ते दोनदा म्हणून पाहिलं. मग त्याने तोडक्यामोडक्या भाषेत सांगितलं की आमच्यात जे मरून गेले त्यांच्यासाठी जिवंत माणसं विधी करतात, मागे कुणी राहून जाऊ नये म्हणून.

"मंग ह्यात काय नवल?" गिरजाबाई म्हणाली. "आमच्यात म्हाळ असतोय की. पितरांना जेवू घालत्यात. तुमच्यात पान वाढत न्हाईत?"

"पान? नाही."

"मंग आजा जेवतो कुठं?"

साहेब हसला. तिला मात्र हसू आलं नाही. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. त्या दिवशी तिच्या मनात जे आलं ते मला दिसलं होतं, आणि दिसून काय उपयोग?

मग तिकडून फोन आला. साहेबाच्या आईला पक्षाघात झाला होता. त्याने घाईघाईत सामान वाटलं. गाद्या सोसायटीच्या वॉचमनला, मिक्सर गिरजाबाईला. मला त्याने भिंतीवरून उतरवलं, आपल्या टॉवेलात गुंडाळलं आणि बॅगेत घालून पाहिलं. मावले नाही. काच फुटेल म्हणून काढलं. खाली गाडी हॉर्न वाजवत होती. त्याने मला गिरजाबाईच्या हातात दिलं.

"मी येईन. न्यायला. तोपर्यंत तुम्ही..."

"सांभाळीन साहेब. माझ्या घरच्या माणसावानी सांभाळीन."

तिने तो शब्द अगदी तंतोतंत पाळला. हीच तर पंचाईत झाली.

तिने मला घरी नेलं आणि दर्शनी भिंतीवर, तिच्या सासू-सासऱ्यांच्या शेजारी टांगलं. खणातला चंदनाचा हार तिने आठवणीने उचलून आणला होता, तो घातला. कपाळावर गंध लावलं. सासरे फेटा बांधून कडक बसलेले, सासूबाईंचं नाकात नथ घालून तोंड वाकडं, आणि शेजारी मी, गळ्यात रुमालवाला गोरा.

अर्जुनराव ड्युटीवरून आला आणि दारातच थबकला. "ह्यो कोण पाव्हना?"

"साहेबाचा आजा हाय."

"अगं पर आपल्या घरात?"

"मंग कुठं ठिवू? त्याला हितं कोण हाय दुसरं?"

अर्जुनराव गप्प बसला. त्याला ती सवय होती. वर्षाली मात्र कुरकुरली. "आई, लोक विचारतात गं. मैत्रिणी आल्या की मला काय सांगावं कळत नाही." तिचं नुकतंच देहूकडच्या सयाजीरावांच्या मुलाशी, रविराजशी, जमत आलं होतं. दोघं एकाच कंपनीत, एकाच शिफ्टला. आधी त्यांचं त्यांनी जमवलं होतं, मग घरच्यांना कळवलं होतं. पितृपंधरवडा उलटला की पाहुणे येणार, सुपारी फुटणार, असं ठरलं होतं. ती पोरगी मोबाईल हातात घेऊन एकटीच हसायची. समोरच्या भिंतीवरून मला सगळं दिसायचं. तिचं भलं व्हावं असं मला मनापासून वाटायचं.

आणि आली सर्वपित्री अमावस्या.

गिरजाबाई पहाटेपासून कामाला लागली. खीर, वडे, कढी, गवारीची भाजी. सासू-सासऱ्यांचं पान वाढलं. मग दुसरं पान, "कस्तुरा आजी, जेव गं बाई," असं नाव घेऊन. त्या नावाने तिने आजीला आयुष्यात पहिल्यांदाच हाक मारली. मग तिने तिसरं पान वाढलं. त्या पानाशेजारी आल्याचा वाफाळता चहा ठेवला, कप काठोकाठ भरून.

"आज्या, तुजी लेकरं तुज्यासाठी चा पीत न्हाईत. पर तू तर पी. किती वर्सं झाली असत्याल तुला."

अरे देवा! ज्याने लाखो माणसांचा चहा सोडवला, त्याच्यापुढे चहा! मला हसावं की रडावं कळेना. काचेवर वाफ धरली आणि माझ्यातल्या माणसाचा चेहरा धूसर झाला. इतक्या मायेने आजवर त्याच्यापुढे कुणी काही ठेवलं असेल की नाही मला माहीत नाही. आणि मी एवढंसुद्धा सांगू शकत नव्हते की बाई, उचल तो कप.

शेजारची दुर्गाबाई पानं बघत दारात उभी होती. "तिसरं पान कुणाचं गं?"

"साहेबाच्या आज्याचं."

"त्या गोऱ्याचं? किरिस्तावाचं?"

झालं. दिवस मावळायच्या आत वाडीभर झालं की गिरजा बाटली. कुणी म्हणालं, साहेबाने मिक्सर दिला तो काय उगाच? कुणी म्हणालं, घरात गोऱ्या देवाची पूजा करते, नैवेद्य दाखवते. आता बघा, बाटलेली बाई म्हाळ घालेल का हो? पण हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. जिने परक्याच्या आज्याला सुद्धा पितर म्हणून जेवू घातलं, तिलाच लोक धर्म सोडलेली म्हणू लागले. हळदीकुंकवाला तिला बोलावणं येईना. आणि ते बोलणं फिरत फिरत देहूला, सयाजीरावांच्या कानावर गेलं.

दिवाळीनंतर पाहुणे आले, पण सुपारी घेऊन नाही. सयाजीराव, त्यांचे दोघे चुलतभाऊ आणि रविराज. गळ्यात तुळशीची माळ, कपाळाला बुक्का, माणूस सभ्य. चपला काढतानाच त्यांची नजर माझ्यावर गेली. दारात वाडीतले चार-सहा जण उगाचच येऊन उभे राहिले होते. माझी काच थरथरली.

आदल्या दिवशी वर्षाली आईच्या पाया पडली होती. "आई, एक दिवस काढ. फक्त एक दिवस." गिरजाबाई म्हणाली होती, "घरच्या माणसाला पाव्हनं येणार म्हणून लपवू का गं? आजा हाय त्यो. त्यात लाज कसली?" तिला खरंच वाटत होतं की नीट सांगितलं तर लोकांना समजेल.

वर्षालीने चहाचा ट्रे आणला. ट्रेमध्ये बशा वाजत होत्या. कप सगळ्यांसमोर ठेवले गेले. कुणी उचलला नाही. तुम्हाला सांगायला नको, पाहुण्यांनी चहा उचलला नाही म्हणजे काय ते. वर्षालीचा सगळा संसार त्या कपात होता आणि कप तसाच निवत होता.

"हे कोण म्हणायचं?" सयाजीरावांनी माझ्याकडे न बघता विचारलं.

गिरजाबाईने तोंड उघडायच्या आत अर्जुनराव मध्ये पडला. बिचाऱ्याने रात्रभर ठरवून ठेवलेलं खोटं होतं ते. "ते व्हय? ते हिच्या साहेबाच्या कंपनीचे जुने मालक. कंपनीनं दिलाय फोटो."

"कुठली कंपनी, मामा?" रविराजने विचारलं. त्याच्या मनात काही काळंबेरं नव्हतं. उलट त्याला वाटलं, हे सिद्ध झालं की विषय मिटेल. त्याने मोबाईल काढला, माझ्यासमोर धरला, फोटो घेतला. "थांबा, लगेच कळेल. सगळ्यांची माहिती येते यात."

नको रे पोरा! मी सगळ्या अंगाने नको म्हणत होते. खिळ्यावरून सुटून पडता आलं असतं तर पडले असते, चक्काचूर झाले असते. पण भिंत सोडून हलणं माझ्या हातात कुठे होतं?

तो वाचू लागला. "जोसेफ स्मिथ. मोर्मन धर्माचे संस्थापक." त्याचा आवाज तिथेच खाली आला. पण शेजारी बसलेल्या चुलत्याने मान वाकडी करून पुढचं वाचलंच. "बायका... आरं बाबा! तीस-चाळीस बायका म्हंत्यात हितं!"

दारातली माणसं खुदखुदली. पुढे खाली असंही लिहिलेलं असणार की ती चाल त्याच्या लोकांनी नंतर बंद केली, पण तिथपर्यंत कोण वाचतो? वर्षालीने पदर नसतानाही तोंड झाकायला हात वर नेला. रविराज मोबाईल खिशात घालायला लागला तर चुलत्याने तो ओढून घेतला आणि पुढचं वाचलं, "या पंथात चहा, कॉफी, दारू, तंबाखू निषिद्ध."

गिरजाबाई ताडकन उठली.

"काय म्हनला? चा?"

"निषिद्ध. म्हंजे बंदी."

"त्यानंच बंदी केली? म्हंजी त्यो चा पीत नव्हता?" ती माझ्याकडे वळली. चेहरा पार उतरला होता. "आन मी त्याला चा पाजला. कप भरून! म्हाळाच्या दिवशी. आगं आई, कसलं पाप केलं मी!"

लेकीची सोयरीक मोडायला आली होती आणि ही बाई एका परक्या मेलेल्या माणसाला चुकून चहा दिला म्हणून रडत होती.

"गिरजाबाई," सयाजीराव म्हणाले, "तो तुमच्या साहेबाचा आजा नाही. धर्मगुरू आहे त्यांचा. तुम्हाला फसवलं."

"न्हाई पाव्हनं, फसवलं न्हाई कुणी. मीच उलटं समजले." तिने डोळे पुसले. "त्यानं मला धर्माचा एक शबुद सांगितला न्हाई. फकस्त माझ्या आजीचं नाव इचारलं. मला ठावं नव्हतं. त्यानं इचारलं म्हणून मी शोधलं. माझी आजी मला मिळाली. मंग मी त्याच्या आज्याला दोन घास घातलं तर काय चुकलं?"

सयाजीराव माळेतला मणी बोटात फिरवत होते. मला वाटलं, आता हा माणूस कप उचलेल. त्यांना ते पटलं होतं, त्यांच्या डोळ्यांत मला दिसत होतं. पण दारात वाडी उभी होती आणि शेजारी भाऊ बसले होते.

"मला काय न्हाई हो," ते शेवटी म्हणाले. "पर मला भावकीत राहायचंय. आधी तो फोटो खाली घ्या. इंद्रायणीत सोडून या. या घरात तो राहणार न्हाई असा शबुद द्या, मग मी चहा घेतो. उद्या लग्नानंतर परत इथं दिसला, तर पोरीला परत माहेरी तुमच्या दारात पाठवायचो न्हाई. आताच सांगून ठेवतो."

गिरजाबाईने वर्षालीकडे पाहिलं. पोरगी आईकडे बघत नव्हती, कपाकडे बघत होती.

मग गिरजाबाई स्टुलावर चढली. तिने पहिल्यांदा हार काढला, मग मला. खाली उतरल्यावर तिने माझं तोंड आपल्या पोटाशी धरलं, म्हणजे मला काही दिसू नये, आणि आत घेऊन गेली. मागे बशीचा आवाज आला. सयाजीरावांनी चहा उचलला होता. वर्षाली हुंदका देऊन रडली, सुटल्यासारखी. तो आवाज ऐकून मला बरं वाटलं. खरंच बरं वाटलं, खोटं कशाला बोलू?

दुसऱ्या दिवशी अर्जुनराव म्हणाला, मी सोडून येतो. गिरजाबाई म्हणाली, "न्हाई. मी आणला, मीच सोडनार." मोशीच्या पुलावर ती मला घेऊन उभी राहिली. खाली इंद्रायणी, तिच्यावर पांढरा फेस तरंगत होता, साबणासारखा, कंपन्यांच्या कृपेचा. वास येत होता. तिने मला कठड्याबाहेर धरलं.

सोड, गिरजे. सोड मला. तुझ्या लेकीचं सुख माझ्यापायी टांगणीला लागलंय. मी कागद आहे, मला बुडायचं दुःख नाही. मी किती किती विनवलं तिला. शेजारून ट्रक धडधडत जात होते, पूल हलत होता, आणि तिचे हात हलत नव्हते.

"ह्या असल्या पान्यात?" ती स्वतःशीच म्हणाली. "दुसऱ्याच्या घरचं मानूस? मी साहेबाला काय सांगू?"

तिने मला परत टॉवेलात गुंडाळलं, वर मेथीच्या दोन जुड्या घेतल्या आणि पिशवी घेऊन घरी आली. "सोडला," तिने नवऱ्याला सांगितलं. आयुष्यात नवऱ्याशी खोटं न बोललेली बाई. संध्याकाळी तो ड्युटीवर गेला तेव्हा मी इथे आले, पिंपामागे.

वैशाखात लग्न झालं. सनई मी इथूनच ऐकली. पाहुण्यांच्या गाद्या काढायला कुणी माळ्यावर चढलं की माझ्या पाचावर धारण बसायची. लग्नानंतर एकदा साहेबाचा फोन आला होता. आई अंथरुणाला खिळलेली, येणं लांबलं. "फोटो?" त्याने विचारलं. गिरजाबाई हसत म्हणाली, "हाय की. भिंतीवर हाय. रोज पुसते." आता ती दोन्हीकडे खोटं बोलते, माझ्यापायी.

आज परत सर्वपित्री. खाली पंगत बसलीय. सयाजीराव जेवायला आलेत, वर्षाली आणि रविराजही. खिरीचं कौतुक चाललंय. आणि आत्ता, भर जेवणात, स्टूल सरकवल्याचा आवाज आला. गिरजाबाई चढली. तिचे गुडघे कुरकुरले. तिने पिंप जरासं बाजूला केलं, टॉवेलाचं एक टोक उचललं, मला जरा आपल्याकडे वळवलं आणि माझ्याशेजारी एक कप ठेवला.

"चा न्हाई," ती कुजबुजली. "दूध हाय. आवंदा चुकले न्हाई मी. मागचं पोटात घाल, आज्या."

अजून आज्याच म्हणते! सगळं कळूनही.

"विहीणबाई," खालून सयाजीरावांचा आवाज आला, "वर काय शोधताय?"

तिचा हात कपावरच थांबला. "गूळ."

"गूळ तर इथं ताटापाशीच हाय."

खाली पळीचा आवाज थांबला. माझी काच अशी थरथरली की कपाला लागून किणकिणली. त्यांना ते ऐकू गेलं असेल का? संपलं, मला वाटलं. आता ते उठणार, वर बघणार, आणि या पोरीचं माहेर तुटणार.

तेवढ्यात पैंजण वाजले. वर्षाली आली होती. तिने स्टूल दोन्ही हातांनी धरलं. वर पाहिलं. आईला पाहिलं, टॉवेल पाहिला, टॉवेलातून दिसणारी माझी कड पाहिली. एक क्षण तिचा रंग उडाला.

"मामंजी, तो नवा गूळ चिक्कीचा आहे," ती मागे वळून मोठ्याने म्हणाली. "आई जुना काढतेय, खिरीला तोच लागतो." मग आईच्या पायाशी तोंड नेऊन, अगदी हळू, "उतर आता. गुडघे दुखतात ना तुझे? पुढच्या वर्षी मी चढीन."

गिरजाबाई उतरली. खाली पंगत परत सुरू झाली.

मार्कसाहेब, तू जिथे असशील तिथून ये बाबा आता. मला घेऊन जा. आधी या घरात माझ्यासाठी एकच बाई खोटं बोलत होती, आता दोघी बोलतायत, आणि दुसरी तर सयाजीरावांच्याच घरात नांदतेय. मला पुसू नकोस, टांगू नकोस, नुसतं इथून उचल. आणि नेताना या दोघींच्या हातचं जे काय मिळेल ते नाही म्हणू नकोस. दूधच देतील तुला. आता त्यांना ठाऊक आहे.

माझ्याशेजारचा कप अजून कोमट आहे. त्याच्यावर साय धरू लागलीय, आणि मला तो उचलता येत नाही.